पवर्गाची रजा

आमच्या वर्णमालेची रचना ज्यांनीं केली त्यांनीं मनुष्याच्या मुखाचा नकाशाच काढून ठेविला आहे, ही गोष्ट लहानपणीं मुळाक्षरें गिरवितांना कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कवर्ग कंठांतून निघतो, चवर्ग तालूशीं, टवर्ग मूर्धेशीं, तवर्ग दांतांच्या मुळाशीं, आणि पवर्ग दोन्ही ओंठ एकत्र मिळाल्यानें. घशांतून निघालेला वारा एकेका टप्प्यावर थबकत शेवटीं ओंठांच्या दारांतून बाहेर पडतो, व प्रत्येक टप्प्यावर पांच पांच अक्षरांचें एक ठाणें बसविलेलें आहे. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमांत असा कांहीं विचार नाहीं, हें आम्ही इंग्रजीचे अध्यापक असूनही कबूल करतों. परंतु हाच नकाशा एखाद्या शस्त्रवैद्याच्या मेजावरही उलगडला जाऊं शकतो, व त्यांतील कोणतें ठाणें राखावयाचें आणि कोणतें सोडावयाचें याचा निर्णय तेथें करावा लागतो, हें आम्हांस दोन वर्षांपूर्वीं कळलें.

आमच्या अमरावतीच्या महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे एक गृहस्थ आमचे तीस वर्षांचे स्नेही आहेत. येथें त्यांस शास्त्रीबोवा म्हटलें असतां पुरे. विद्यार्थीही त्यांच्या माघारीं त्यांस याच नांवानें ओळखतात. घर अकोल्याचें, नोकरी अमरावतीची, आणि आवाज असा कीं, शेजारच्या वर्गांत आम्ही इंग्रजी कविता समजावून देत असलों म्हणजे भिंतीपलीकडून भवभूति ऐकूं यावा आणि आमच्या मुलांचे कान तिकडे वळावेत. भवभूति हा विदर्भांतील पद्मपुराचा. म्हणून शास्त्रीबोवा त्याजवर गांववाल्याचा हक्क सांगत. दोन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत त्यांच्या डाव्या गालाच्या आंतून, खालच्या हिरडीला लागून, एक जखम दिसूं लागली. ती दुखत नव्हती. म्हणून तिची कोणी पर्वा केली नाहीं. या रोगाचा पहिला कावा हाच कीं तो आरंभीं बहुधा दुखत नाहीं.

जखमेची जागा मात्र योगायोगाची नव्हती. आमच्या वऱ्हाडांत गांव तेथें पानठेला, आणि पानठेला तेथें खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना हीं तिन्ही प्लास्टिकच्या कागदावर घेऊन हातानें इतकीं घोटावयाचीं कीं त्यांचा एकजीव व्हावा, व मग ती चिमूट गाल आणि खालची हिरडी यांमधील खांचेंत दाबून ठेवावयाची. शास्त्रीबोवांचा आरंभ जेवणानंतरच्या विड्यापासून झाला; पुढें विड्याचें पान गळालें आणि खर्रा उरला. चुन्याच्या क्षारानें सुपारी व तंबाखू यांतील द्रव्यें लवकर सुटतात व नाजूक त्वचेंत मुरतात. सुपारीच्या योगानें त्या त्वचेखालीं तंतु वाढून ती चामड्यासारखी ताठर होते आणि तोंड उघडेनासें होतें. भारतांत या विकाराचें वर्णन डॉ. जोशी यांनीं १९५३ सालीं केलें. निरोगी माणसाचीं तीन बोटें उभीं धरलीं असतां तोंडांत सहज जातात. शास्त्रीबोवांचीं दोनच जात. मोठा घास घेतां येत नाहीं, तिखट सोसत नाहीं, या तक्रारी ते वर्षभर करीत होते, व आम्ही सर्व त्या वयाच्या खातीं मांडीत होतों.

या देशांत मुखाचा कर्करोग आणि लोकांच्या संवयी यांचा धागा जोडणाऱ्यांमध्यें एका मराठी माणसाचें नांव अग्रभागीं आहे. मुंबईच्या परळ भागांत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें; तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचें काम पाहत. १९४५ सालीं त्यांनीं व डॉ. सूर्याबाई यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून दाखविलें कीं, जेथें संवय तेथें व्रण: कमरेला जेथें धोतर कसून बांधलें जातें तेथें, आणि खालच्या ओंठांत जेथें खैनी धरली जाते तेथें. देहावर रोग कोठें उठेल हें त्या माणसाची रहाटी पाहून सांगतां यावें, ही कल्पना त्या काळीं नवी होती. पुढें २००४ सालीं कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनें, तंबाखू वगळली तरी नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्णय प्रसिद्ध केला. तथापि आमच्याकडे सुपारी अद्याप पूजेच्या ताम्हनांत गणपति म्हणून बसते. तिजवर संशय घेणें लोकांस जड जातें.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. जुलै २०१२ या एकाच महिन्यांत महाराष्ट्रांत दोन गोष्टी घडल्या. एक, गुटख्याच्या विक्रीस बंदी झाली. आणि दुसरी, गरिबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च सरकारनें सोसण्याची योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, व त्या आठांत अमरावती होती. या योजनेला २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचें नांव आहे. म्हणजे एका हातानें विष अडवावयाचें व दुसऱ्या हातानें विषबाधा झालेल्यांस सांवरावयाचें, असा तो बेत होता. दुसऱ्या हातानें पुष्कळ काम केलें. पहिल्या हाताचें काय झालें तें कोणत्याही पानठेल्यावर दोन मिनिटें उभे राहिल्यानें कळतें. ज्या मंत्रिमंडळानें ही बंदी घातली त्यांत गृहमंत्री असलेले रा. रा. पाटील हे अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षीं, १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं, मुखाच्याच कर्करोगानें गेले. त्यांचें वक्तृत्व ज्यांनीं ऐकिलें त्यांना त्या बातमीचा निराळाच चटका बसला. उलटपक्षीं, शरद पवार यांजवर २००४ सालीं याच रोगासाठीं शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर दोन दशकें त्यांचें मुख महाराष्ट्राच्या राजकारणांत बोलत राहिलें आहे. आपल्या तंबाखूच्या संवयीविषयीं त्यांनीं सभांतून उघडपणें सांगितलें, याचें मोल आम्ही थोडें समजत नाहीं.

शास्त्रीबोवांच्या जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासला गेला व निदान ठरलें. तेव्हांपासून त्यांचे दोन महिने विचारांत गेले. त्यांच्या हितचिंतकांपैकीं निम्म्यांचें म्हणणें असें पडलें कीं, गांठीला एकदां लोखंड लागलें म्हणजे ती चवताळते. तेव्हां तिला हात न लावणेंच बरें. ही समजूत वऱ्हाडांत खोल रुजलेली आहे, व तिचें मूळही उघड आहे. आमचे लोक शस्त्राकडे इतके उशिरां जातात कीं रोग आधींच मानेंत उतरलेला असतो. मग पुढें जें व्हावयाचें तें झालें म्हणजे दोष शस्त्राच्या माथीं येतो. जो गाडी सुटल्यावर स्टेशनांत पोंचला त्यानें रुळांस बोल लावावा, तसाच हा प्रकार.

गंमत ही कीं, या वादाचा निकाल शास्त्रीबोवांच्याच कपाटांत होता. सुश्रुतानें मुखरोग पासष्ट गणले आहेत, आणि अर्बुदाचें प्रकरण निराळें लिहिलें आहे. अर्बुदाचा अंश मागें राहिला तर तें पुन्हां उठतें व विझत आलेल्या विस्तवासारखें भडकून घात करतें, म्हणून तें निःशेष काढावें, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. एका अर्बुदावर दुसरें उठलें तर त्यास त्यानें अध्यर्बुद असें नांवही दिलें आहे. म्हणजे शस्त्रानें रोग वाढत नाहीं, अर्धवट शस्त्रानें वाढतो, हा भेद त्यानें तेव्हांच केला होता. शास्त्रीबोवांनीं तीं पानें आम्हांस वाचून दाखविलीं, पुस्तक मिटलें आणि म्हणाले, "प्राध्यापक, आतां सबब उरली नाहीं. परंतु भीति उरली आहे. मरणाची नव्हे, मुकेपणाची."

मुंबईच्या रुग्णालयांत त्यांना ज्या तरुण शस्त्रवैद्य बाईंनीं तपासलें त्यांनाही त्यांचा पहिला प्रश्न हाच होता: "डॉक्टरसाहेब, बोलतां येईल ना?" बाईंनीं कागद घेतला, जबड्याची आकृति काढली आणि म्हटलें, "सर, काय जाईल आणि काय राहील तें आधीं दाखवितें. मग तुम्हीच सांगा." त्या आकृतीवरून आम्हांसारख्या अनभिज्ञांसही पुष्कळ उमगलें. दिसणारा व्रण काढून भागत नाहीं. त्याच्या चोहों बाजूंनीं सुमारें एक सेंटिमीटर निरोगी मांसही काढावें लागतें, कारण रोगाची सीमा डोळ्यांस दिसते त्याहून पुढें असते. व्रण हाडाला नुसता टेकलेला असेल तर जबड्याची वरची कड तासून कमान अखंड राखतां येते. हाडांत शिरला असेल तर तेवढा खंडच काढावा लागतो. मग राहतो मानेचा प्रश्न. गांठी हाताला लागत नसतांनाही त्या आधींच काढाव्या, कीं उठतील तेव्हां पाहावें, हा वाद जगांत पुष्कळ वर्षें चालू होता, आणि त्याचें उत्तर परळास मिळालें. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांचे सहकारी यांनीं आरंभींच्या अवस्थेंतील पांचशें रोग्यांचा ताळा घेऊन २०१५ सालीं प्रसिद्ध केलें कीं, ज्यांच्या मानेंतील गांठी पहिल्याच वेळीं काढल्या त्यांपैकीं शेंकडा ८० तीन वर्षांनीं जिवंत होते. ज्यांच्या बाबतींत वाट पाहिली त्यांपैकीं शेंकडा ६७.५. शास्त्रीबोवांनीं गणिताशीं कधीं सलगी केली नव्हती. परंतु शंभरांतील त्या साडेबारा माणसांचा हिशेब त्यांना एका क्षणांत कळला.

जबड्याचें प्रत्येक अर्बुद कर्करोगच असतें असें नाहीं. दर्यापूरकडील आमच्या एका विद्यार्थ्याचा खालचा जबडा हळूहळू फुगत होता; दांत हलूं लागले, परंतु वेदना नव्हती. तें दांत घडविणाऱ्या पेशींपासून झालेलें सौम्य जातीचें अर्बुद निघालें. तें सहसा देहांत इतरत्र पसरत नाहीं. परंतु नुसतें खरवडून काढलें तर त्याच जागीं पुन्हां येतें. म्हणून त्याचेंही हाड निरोगी कडेसह काढावें लागलें. वीस वर्षांच्या मुलाला, रोग मारक नसतां हाड कां द्यावयाचें, हें समजावून सांगणें पन्नाशीच्या पंडिताला समजावण्यापेक्षां कठीण गेलें.

शास्त्रीबोवांची शस्त्रक्रिया सकाळीं सुरू झाली ती दिवेलागणीला संपली. डाव्या जबड्याचा खंड, गालाची आंतली बाजू, ओंठाचा कोपरा आणि मानेंतील गांठी इतकें काढलें. आणि पोटरीचें बारीक हाड, त्याची धमनी व शीर यांसह उचलून, वांकवून, जबड्याच्या जागीं बसविलें. शरीराचा भार मुख्यतः शेजारचें जाड हाड पेलतें, म्हणून हें बारीक हाड उसनें घेतां येतें. त्याच्या रक्तवाहिन्या मानेंतील वाहिन्यांस सूक्ष्मदर्शकाखालीं, केसाहून बारीक धाग्यानें शिवतात. रक्त खेळूं लागलें म्हणजे पायाचें हाड मुखांत नांदूं लागतें. जबड्यासाठीं ही रीति न्यूयॉर्कचे डॉ. हिडाल्गो यांनीं १९८९ सालीं वर्णिली. त्यापूर्वीं, १९७९ पासून, छातीचा स्नायु वर वळवून गालाचें छिद्र बुजविण्याची रीति रूढ होती, व जेथें वेळ किंवा साधनें थोडीं तेथें ती आजही कामास येते.

त्या दिवसांत आम्ही वरचेवर अंबा एक्सप्रेसनें मुंबईस जात असूं. रोग्यांची व सोबत्यांची उतरण्याची सोय दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेंत झाली होती. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यांतल्या शेंडगांवचे, मूर्तिजापूरकडील दापुऱ्यास वाढलेले; १९५६ सालीं वलगांवजवळ त्यांनीं देह ठेविला. ज्या मुलखाच्या या पुरुषानें जन्मभर खराटा आणि मडकें याखेरीज कांहीं जवळ बाळगलें नाहीं, त्याच मुलखाचीं माणसें आज रोगानें गांठलीं असतां दादरला त्याच्याच छपराखालीं निजतात. तेथें आमच्या शेजारीं मूर्तिजापूरकडील एक शेतकरी व त्याची बायको होतीं. त्याचा रोग आणि शस्त्रक्रिया शास्त्रीबोवांसारखीच. फरक इतकाच कीं त्याला भवभूति ठाऊक नव्हता. तो सदैव उपरण्यानें हनुवटी झांकून बसे. शास्त्रीबोवांच्या पत्नीनें त्या बाईला धीर देण्यासाठीं कांहीं म्हटलें, तेव्हां तीच उलट म्हणाली, "तोंड वाकडं झालं तं झालं, बाई, माणूस तं आपला हाये नं! अन् पायाचं हाड तोंडात बसवलं म्हंतात. आता जपून पाय टाकल्यावानी बोलीन." तें ऐकून उपरण्यामागून तो शेतकरी हंसला. हंसूं वांकडेंच आलें, पण आलें.

मुख झांकण्याची ही इच्छा शेतकऱ्याचीच असते असें नाहीं. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या वरच्या जबड्यांतील अर्बुद १ जुलै १८९३ रोजीं एका खासगी नौकेवर गुपचूप काढलें गेलें. बाहेर व्रण दिसूं नये म्हणून सर्व काम तोंडांतूनच केलें, आणि पोकळींत रबराचा तुकडा बसविला. एका बातमीदारानें खरी हकीकत छापली, तर त्यालाच लबाड ठरविण्यांत आलें. सत्य बाहेर आलें तें १९१७ सालीं, अध्यक्षांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनीं. दुसरें उदाहरण सिग्मंड फ्रॉइड यांचें. मनुष्याच्या बोलण्यांतून त्याचें मन वाचणाऱ्या या वैद्याच्या वरच्या जबड्यावर व टाळ्यावर १९२३ पासून १९३९ पर्यंत तीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. नाक आणि तोंड यांमध्यें कृत्रिम पडदा घालून ते सोळा वर्षें रोगी तपासीत व ग्रंथ लिहीत राहिले. सिगार मात्र त्यांस पुरता सोडवला नाहीं. एकानें व्याधि झांकून राज्य केलें, दुसऱ्यानें ती वागवीत विद्या केली. दोघांचींही मुखें शस्त्रानें वांचविलीं; परंतु ज्याचें राहणें लोकांच्या नजरेवर अवलंबून होतें त्याला लपावें लागलें, हें विचार करण्यासारखें आहे.

चेहरा हा आपला असतो कीं पाहणाऱ्यांचा? या प्रश्नाचें एक उत्तर आमच्या गांवाला फार पूर्वीं मिळालेलें आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं अमरावतीस महारोग्यांसाठीं तपोवन स्थापन केलें. ज्यांच्या नाकाबोटांकडे पाहून लोक वाट बदलीत त्यांना त्यांनीं काम दिलें आणि गांवाला आपली दृष्टि सुधारण्याची संधि दिली. जबड्याची शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या माणसांची गोष्ट निराळी नाहीं. वैद्य हाड बसवितो, सरकार खर्च देतें. परंतु लग्नाच्या पंक्तींत त्याच्या शेजारचा पाट रिकामा राहूं न देणें, हें शस्त्रवैद्याच्या हातांतलें काम नव्हे. तें आमचें आहे.

शास्त्रीबोवा नऊ महिन्यांनीं कामावर रुजू झाले. मध्यंतरीं किरणोपचार झाले, आणि उच्चार शिकविणाऱ्या एका बाईंनीं त्यांच्याकडून रोज आरशापुढें मुळाक्षरें घोटून घेतलीं. ज्यानें तीस वर्षें पाणिनि शिकविला तो पहिलीतल्या मुलासारखा अ पासून आरंभ करून बसला. क पासून न पर्यंतचीं ठाणीं बहुतेक परत मिळालीं. ओंठांचा एक कोपरा मात्र मिळेना, म्हणून पवर्ग कांहीं केल्या जमेना. वारा डाव्या बाजूनें निसटून जाई. आणि ज्या कवीवर त्यांचा हक्क, त्याच्या नांवांत भ दोन वेळां!

पहिल्या तासाला ते वर्गांत शिरले तेव्हां आम्ही शेजारच्या वर्गांत मुद्दाम गप्प उभे होतों. भिंतीपलीकडे कांहीं क्षण शांतता होती. मग त्यांनीं खडूनें फळ्यावर प, फ, ब, भ, म अशीं पांच अक्षरें लिहिलीं, आणि अस्पष्ट परंतु सावकाश आवाजांत सांगितलें कीं, हे पांच जण सध्यां रजेवर आहेत. ते परत येईपर्यंत त्यांचें काम विद्यार्थ्यांनीं ऐकतांना करावयाचें आहे. हें सर्व आम्हांस मागाहून मुलांनीं सांगितलें, कारण त्या दिवशीं भिंतीपलीकडून शब्द ऐकूं येत नव्हते. पूर्वीं त्यांचा आवाज न ऐकण्याची सोयच नव्हती, म्हणून कित्येक मुलें तो ऐकत नसत. आतां मागल्या बांकावरचीं मुलें पुढें येऊन बसतात. भवभूतीचें नांव ते उच्चारूं लागले कीं वर्गांतून दहाबारा मुलें तें हलक्या आवाजांत पुरें करतात, व शास्त्रीबोवा मान हलवून पुढें जातात. पानठेल्यावरची गर्दी त्यामुळें ओसरली, असा दावा आम्ही करीत नाहीं. वर्गांतून थेट ठेल्यावर जाणारीं मुलें आम्ही रोज पाहतों. परंतु त्यांपैकीं तिघेजण परवां खोलींत येऊन, सर, तोंड पुरें उघडत नाहीं, कोणाला दाखवावें, असें विचारून गेले.

तेव्हां वाचकांना आमची एकच विनंति आहे. हा अंक खालीं ठेवल्यावर आरशापुढें उभें राहावें, दिवा जवळ घ्यावा, गाल बाजूला ओढून हिरडीच्या खांचेंत पाहावें, आणि तीन बोटें उभीं तोंडांत जातात कीं नाहीं तें पाहावें. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम आढळली, तर ती दुखण्याची वाट पाहूं नये. वऱ्हाडांत मुंबईची गाडी सुदैवानें रोज सुटते; तीवर वेळेवर चढावें, इतकेंच.